संयोग आणि राशी : धरमपेठेतील एका आहारविचाराची पूर्वपीठिका

अन्नाचे गट पाडावेत, त्यांपैकी कोणते एका जेवणात एकत्र यावेत आणि कोणते निराळ्या वेळी खावेत याचे नियम ठरवावेत, आणि त्या नियमांच्या आधाराने अंगावरची चरबी उतरवावी, हा विचार महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात आता चांगलाच रुजला आहे. नागपुरातील धरमपेठ ही या वर्गाची एक ठळक वस्ती होय. सीताबर्डीच्या पश्चिमेस, सिव्हिल लाइन्स आणि अंबाझरी तलाव यांच्या दरम्यान पसरलेला हा भाग शेजारच्या गोकुळपेठ आणि शंकरनगर यांच्यासह विसाव्या शतकात वाढला, आणि मध्य प्रांताची राजधानी म्हणून नागपुरात एकवटलेली सरकारी कार्यालये, 1923 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ व 1936 मध्ये सुरू झालेले उच्च न्यायालय यांच्या आश्रयाने जगणारा नोकरदार, वकील आणि प्राध्यापक यांचा वर्ग अशा वस्त्यांतून स्थिरावला. भात आणि पोळी एका वेळी खाऊ नये, जेवणावर फळ खाऊ नये, सकाळी केवळ फळे घ्यावीत, रात्री पिष्टमय पदार्थ टाळावेत, डाळ आणि धान्य यांची फारकत करावी, असे जे नियम या वर्गात आज ऐकू येतात, ते एकाच शास्त्रातून आलेले नाहीत. प्राचीन वैद्यक, धार्मिक व्रते आणि पाश्चात्त्य निसर्गोपचार अशा तीन निरनिराळ्या उगमांतून ते आले असून, त्यांपैकी पहिल्या दोन परंपरांनी पदार्थांच्या संयोगावर घातलेले निर्बंध वजन उतरवण्यासाठी घातलेले नव्हते, ही गोष्ट या इतिहासात सर्वांत महत्त्वाची आहे.

आयुर्वेदात ज्याला विरुद्धाहार म्हणतात, म्हणजे जे पदार्थ एकेकटे निर्दोष असले तरी एकत्र आल्यावर शरीराला बाधक ठरतात असे मानले जाते, त्याचे सविस्तर विवेचन चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात आढळते. दूध आणि मासे, दूध आणि आंबट फळे, समप्रमाणात घेतलेले मध आणि तूप ही त्यातील प्रसिद्ध उदाहरणे होत. मात्र चरकाच्या दृष्टीने विरोध केवळ दोन पदार्थांमध्ये नसतो. देश, काल, अग्नी, मात्रा, सात्म्य म्हणजे अंगवळणी पडलेली सवय, संस्कार म्हणजे पदार्थावर झालेली पाकक्रिया, खाण्याचा क्रम, अशा एकूण अठरा प्रकारांनी आहार विरुद्ध ठरू शकतो आणि पदार्थांचा परस्परसंयोग हा त्या अठरांपैकी केवळ एक प्रकार आहे. त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की जो तरुण आहे, ज्याचा जठराग्नी प्रदीप्त आहे, जो व्यायाम करतो, ज्याला तो पदार्थ सवयीचा आहे किंवा जो तो अल्प प्रमाणात घेतो, त्याला विरुद्ध अन्नही बाधत नाही. महाराष्ट्रातील जुन्या वैद्यांच्या अभ्यासात विशेष प्रतिष्ठा असलेल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, ताकाबरोबर किंवा दह्याबरोबर केळे घेण्याचाही निषेध आहे. या निषेधांचे पालन व्यवहारात कितपत झाले, याचे उत्तर मराठी स्वयंपाकघरच देते, कारण दुधात केळे कुस्करून केलेले शिकरण आणि केळ्याची दह्यातली कोशिंबीर हे पदार्थ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत, आणि खव्यात संत्र्याचा गर घालून केलेली संत्रा बर्फी तर नागपूरची ओळखच बनली आहे. सात्म्याची जी सवलत चरकाने दिली होती, तिचाच आधार लोकव्यवहाराने घेतला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात वैद्यक आणि व्रत हे दोन प्रवाह एकमेकांच्या किती निकट होते, याचे उत्तम प्रमाण तेराव्या शतकातील हेमाद्री या एकाच ग्रंथकाराच्या कार्यात सापडते. देवगिरीच्या यादवांचा हा मंत्री लोकस्मरणात हेमाडपंत म्हणून राहिला असून, त्याने एकीकडे अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली, तर दुसरीकडे ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या व्रतखंडात वर्षभरातील व्रतांचे विधी संकलित केले. यादवांची सत्ता विदर्भातही होती आणि रामचंद्र यादवाच्या काळातील शिलालेख नागपूरजवळच्या रामटेक येथील लक्ष्मण मंदिरात आजही आहे. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने तंजावरच्या मराठी राजकुळाच्या आश्रयाने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात पदार्थांचे वैद्यकीय गुणदोष आणि भोजनाचे धर्मशास्त्रीय नियम शेजारी शेजारी मांडले. एकच अन्न शरीराच्या दृष्टीने पथ्य किंवा कुपथ्य आणि धर्माच्या दृष्टीने भक्ष्य किंवा अभक्ष्य असे दोन्ही अंगांनी पारखण्याची जी रीत या ग्रंथांत दिसते, तीच मराठी घरांतील आहारविषयक बोलण्यात आजही टिकून आहे.

स्थूलतेचा प्रश्न प्राचीन वैद्यकाला अपरिचित नव्हता. परंतु त्याची चिकित्सा त्याने विरुद्धाहाराच्या अध्यायात घातली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंसह आठ निंदित देहांचा विचार करतो आणि स्थूलतेची कारणे म्हणून अतिभोजन, जड, गोड व स्निग्ध पदार्थांचे सेवन, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोपणे यांची गणना करतो. त्यावरील उपाय सांगताना, जे अन्न पोट भरल्याचे समाधान देते पण शरीराचे पोषण फार वाढवत नाही असे अन्न द्यावे, हे सूत्र तेथे मांडले आहे आणि जव, सावा, कोद्रू, मूग, कुळीथ, ताक, मध यांची शिफारस केली आहे. या यादीत धान्य आणि कडधान्य एकत्रच आले आहे. दोहोंना वेगळ्या जेवणांत ठेवण्याची सूचना तेथे नाही. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा विचार करण्याच्या आठ बाजू सांगितल्या आहेत : प्रकृती म्हणजे पदार्थाचा मूळ गुण, करण म्हणजे संस्कार, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था म्हणजे खाण्याचे नियम, आणि उपयोक्ता म्हणजे खाणारी व्यक्ती. यातील राशी म्हणजे प्रमाण असून त्याचेही दोन भेद केले आहेत. संपूर्ण जेवणाचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह आणि त्यातील प्रत्येक पदार्थाचे वेगवेगळे प्रमाण तो परिग्रह. संयोग आणि राशी या दोन स्वतंत्र बाजू आहेत हे लक्षात ठेवले, तर पुढच्या दोन हजार वर्षांतील पुष्कळ गोंधळ उलगडतो.

पदार्थ वेगळे करण्याचा दुसरा उगम व्रतांमध्ये आहे. चातुर्मासात श्रावणात भाजीपाला, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये, म्हणजे ज्यांचे दाणे फुटून दोन डाळिंब्या होतात अशी कडधान्ये, वर्ज्य करण्याचे नेम पुराणांनी आणि धर्मशास्त्राने सांगितले आहेत. येथे एकेक अन्नगट एकेका महिन्यापुरता ताटातून बाहेर जातो आणि पुन्हा परत येतो. कोणताही गट कायमचा त्याज्य ठरत नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीच्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाने पिकलेले काहीही न खाण्याचा आणि परसातल्या भाज्यांवर व न नांगरलेल्या जमिनीतील धान्यावर राहण्याचा प्रघात आहे, म्हणजे तेथे वर्गीकरणाचा निकष पदार्थाच्या रासायनिक गुणावर नसून श्रमाच्या नैतिक मूल्यावर आधारलेला आहे. एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवणे आणि नक्त म्हणजे दिवसभर उपास करून रात्री जेवणे हे प्रकार पदार्थाऐवजी वेळेवर निर्बंध घालतात. काही उपासांना धान्य भाजून घेतल्यास ते चालते असे मानून धान्यफराळ केला जातो.

एकादशीच्या फराळाचा इतिहास या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. उपासाला चालणाऱ्या पदार्थांच्या आजच्या यादीतील बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा तयार होतो तो कसावा, ही सर्व मूळची अमेरिका खंडातील पिके असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती भारतात पसरली. जुन्या ग्रंथांतील वर्ज्य धान्यांच्या याद्यांत ती असणे शक्यच नव्हते, आणि म्हणून ती उपासाला चालू लागली. परिणामी धान्यापासून दूर राहण्यासाठी जो दिवस नेमलेला होता, त्या दिवशी नागपूरच्या घरांत साबुदाण्याची उसळ शिजू लागली. मुंबई-पुण्याकडे जिला खिचडी म्हणतात तिलाच विदर्भात उसळ म्हणतात, आणि शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 87 ग्रॅम कर्बोदके म्हणजे पिष्ट व शर्करा असतात, तर प्रथिने जवळजवळ नसतात. येथे अन्नगट वेगळा झाला, पण अन्नाचे उष्मांक, म्हणजे त्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेचे मोजमाप, कमी झाले नाही. व्रताचे प्रयोजन संयम आणि स्मरण हे असल्याने व्रत या कसोटीवर उतरत नाही असा दोष देता येत नाही. परंतु वजन उतरवण्यासाठी उपास धरणाऱ्याला हा फरक ध्यानात घ्यावाच लागतो.

संयोगाचा सर्वांत काटेकोर नियम विदर्भात जैन समाजाने पाळला. वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड हे दिगंबर जैन भट्टारकांच्या पीठांचे जुने केंद्र, आणि विदर्भातील मराठीभाषक जैन घरांवर तेथील आचारांचा मोठा प्रभाव राहिला. जैन आचारात ज्याला द्विदल दोष म्हणतात, त्यानुसार न तापवलेले दूध, दही किंवा ताक आणि कोणतेही कडधान्य यांचा संयोग निषिद्ध मानला जातो, कारण त्या संयोगातून सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते आणि ते खाल्ल्याने हिंसा घडते अशी श्रद्धा आहे. या नियमामुळे दहीवडा वर्ज्य होतो, पण ताक आधी तापवून घेऊन मग त्यात बेसन घातल्यास कढी चालते. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियमही याच अहिंसाविचारातून आला आहे. म्हणजे ताटातील पदार्थांची फारकत करणारा हा नियम अन्य जीवांच्या रक्षणासाठी आहे, खाणाऱ्याच्या देहाच्या आकारासाठी नाही.

या सर्व निर्बंधांच्या भोवती विदर्भाचे रोजचे ताट मात्र संयोगावरच उभे राहिले. ज्वारीची भाकरी आणि झुणका, वरण आणि भात, गोळाभात, वडाभात, रोडगे आणि वरण, पालक घालून केलेली डाळभाजी आणि पोळी, तर्रीपोहे म्हणजे पोह्यांवर ओतलेला हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, या प्रत्येक जोडीत एक बाजू धान्याची आणि दुसरी कडधान्याची आहे. पंगतीतील वाढण्याच्या क्रमातही पदार्थ वेगळे होतात ते गटांनी नव्हे तर टप्प्यांनी : आधी वरणभात आणि तूप, मग पोळी आणि भाजी, शेवटी ताकभात किंवा दहीभात. सुश्रुतसंहितेने आधी गोड, मध्ये आंबट आणि खारट, शेवटी तिखट, कडू व तुरट असा रसांचा जो क्रम सांगितला, त्याचा सैल अवशेष या पंगतीत ओळखू येतो. आधुनिक पोषणशास्त्राने या जोड्यांचे मर्म विसाव्या शतकात उलगडले. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांपैकी लायसिन धान्यात कमी आणि कडधान्यात पुरेसे असते, तर मेथिओनिन कडधान्यात कमी आणि धान्यात अधिक असते. त्यामुळे दोन्ही मिळून जे प्रथिन तयार होते ते दोहोंपैकी कोणत्याही एकापेक्षा सकस ठरते. याच अर्थाने मराठी शालेय पुस्तकांतून आणि गृहविज्ञानाच्या शिकवणीतून ‘चौरस आहार’ हा शब्द रूढ झाला. धरमपेठेला लागून असलेल्या शंकरनगरातील, 1932 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे लेडी अमृतबाई डागा यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या महिला महाविद्यालयाच्या संस्थेत गृहविज्ञानाची शाखा वाढली, आणि अशा शाखांतून शिकलेल्या स्त्रियांमुळे चौरस आहाराची भाषा घराघरांत पोहोचली.

तिसरा उगम निसर्गोपचाराचा असून त्याचे भारतातील सर्वांत प्रभावी केंद्र नागपूरपासून थोड्याच अंतरावर, वर्ध्याला उभे राहिले. जर्मनीतील लुई कूने आणि अडॉल्फ यूस्ट यांची पुस्तके वाचून महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेतच आहाराचे प्रयोग सुरू केले होते. 1915 च्या हरिद्वार कुंभमेळ्यात त्यांनी चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खाणार नाही आणि अंधार पडल्यावर जेवणार नाही अशी दोन व्रते घेतली. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या स्थापनेनंतर वर्ध्याच्या मगनवाडीत आणि 1936 पासून सेगावात, ज्याचे नाव पुढे सेवाग्राम झाले, आश्रमाच्या स्वयंपाकघरात उकडलेल्या भाज्या, कच्चा पाला, सोयाबीन, हातसडीचा तांदूळ आणि गूळ यांवर आधारलेला आहार चालवला गेला. 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी लिहिलेल्या आरोग्यविषयक गुजराती पुस्तिकेत एकाच जेवणात अनेक धान्ये घेण्याची गरज नाही, कारण त्या सर्वांतून प्रामुख्याने पिष्टच मिळते, अनेक धान्यांमुळे खाण्याचे प्रमाण आवरणे कठीण होते आणि पचनावर ताण पडतो, असे मत त्यांनी मांडले. बैठे काम करणाऱ्यांना डाळी पचायला जड जातात, म्हणून त्यांनी त्या कमी कराव्यात किंवा सोडाव्यात, असेही तेथे म्हटले आहे. भात आणि पोळी एकत्र नको हा जो नियम धरमपेठेत आज ऐकू येतो, त्याचे विदर्भाच्या मातीतले सर्वांत जवळचे मूळ येथे आहे, आणि तेथे दिलेले पहिले कारण प्रमाणाचे आहे हे विसरता येत नाही. बुद्धिजीवी माणसासाठी त्यांनी दिवसाला धान्य 6 औंस, दूध 2 रतल, पालेभाज्या 3 औंस, इतर भाज्या 5 औंस, कच्ची भाजी 1 औंस, तूप दीड औंस आणि गूळ किंवा साखर दीड औंस असे मोजून माप दिले होते. सकाळी फळे आणि दूध एकत्र घेण्यास त्यांची हरकत नव्हती, आणि या बाबतीत चरकाच्या आंबट फळांविषयीच्या निषेधाला त्यांनी महत्त्व दिले नाही. 1946 मध्ये पुण्याजवळील उरुळी कांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि मराठी मध्यमवर्गाला निसर्गोपचाराचा परिचय ज्या वाटांनी झाला त्यांत ती एक मोठी वाट ठरली.

याच दशकांत अमेरिकेत संयोगाच्या नियमाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देण्यात आले. न्यूयॉर्कचे डॉक्टर विल्यम हॉवर्ड हे (1866–1940) यांनी 1929 आणि 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांतून असा सिद्धांत मांडला की प्रथिनांच्या पचनाला आम्ल लागते आणि पिष्टाच्या पचनाला अल्क लागतो, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्यास कोणतेच नीट पचत नाही. यास्तव दोहोंच्या जेवणांत कित्येक तासांचे अंतर ठेवावे. हर्बर्ट शेल्टन यांनी 1951 च्या पुस्तकात हेच नियम अधिक बारकाईने लिहिले, इंग्लंडमध्ये डोरिस ग्रँट यांनी त्यांचा प्रचार केला, आणि 1985 मध्ये हार्वी व मॅरिलिन डायमंड यांच्या अमेरिकेतील लोकप्रिय पुस्तकाने दुपारपर्यंत केवळ फळे खाण्याचा नियम जगभर पोहोचवला. या प्रवासात मूळ हेतू बदलला. आरंभी सर्व रोगांवरील उपाय म्हणून आलेली ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रामुख्याने वजन उतरवण्याची पद्धत बनली, आणि भारतात पोहोचल्यावर विरुद्धाहाराच्या जुन्या शब्दाशी तिची सांगड घातली गेली. दोन निरनिराळ्या काळांतील आणि निरनिराळ्या हेतूंच्या कल्पना एका नावाखाली आल्याने परकीय नियमाला प्राचीनतेचे वजन मिळाले आणि प्राचीन शब्दाला आधुनिक उपयोग मिळाला.

विल्यम हॉवर्ड हे यांचा सिद्धांत शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. जठर हे कोणत्याही जेवणानंतर आम्लच पाझरते, आणि तेथून पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा जो रस येतो त्यात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिघांनाही विघटित करणारी विकरे एकाच वेळी असतात. शिवाय निसर्गात हे गट मुळातच विभक्त नाहीत. तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने आणि त्याच्या अडीचपटीहून अधिक कर्बोदके असतात, तेव्हा वरणाची एक वाटी प्यायली तरी दोन्ही गट एकत्र पोटात जातातच. 2000 मध्ये जिनिव्हाच्या रुग्णालयातील संशोधकांनी 54 स्थूल रुग्णांवर सहा आठवडे केलेल्या अभ्यासात दोन्ही तुकड्यांना दिवसाला सुमारे 1100 किलोकॅलरींचा आहार दिला, फक्त एका तुकडीला अन्नगट वेगळे करून आणि दुसरीला मिश्र स्वरूपात. वेगळे खाणाऱ्यांचे वजन सरासरी 6.2 किलो आणि मिश्र खाणाऱ्यांचे 7.5 किलो उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. म्हणजे ज्यामुळे वजन उतरले ती गोष्ट दोन्ही तुकड्यांत समान होती, आणि ती अन्नाचे प्रमाण हीच होती. याच्याशी ज्याची गल्लत करू नये असा वेगळा प्रश्न खाण्याच्या क्रमाचा आहे. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मधुमेहाच्या 11 रुग्णांवर केलेल्या छोट्या अभ्यासात भाज्या आणि प्रथिने आधी व कर्बोदके शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी वाढते असे आढळले; परंतु तो निष्कर्ष रक्तशर्करेविषयी आहे, वजनाविषयी नाही.

नागपूरने या इतिहासात स्वतःची भर घातली ती पदार्थांऐवजी वेळा वेगळ्या करण्याच्या विचाराने. काटोल तालुक्यातून आलेले डॉ. श्रीकांत जिचकार (1954–2004) हे वैद्यकीय पदवीधर, अनेक विषयांचे पदवीधारक, 1980 मध्ये विधानसभेवर निवडून आलेले आणि पुढे राज्यसभेचे सदस्य झालेले नेते, तसेच रामटेकच्या संस्कृत विद्यापीठाच्या उभारणीत मोठा वाटा असलेले विद्याव्यासंगी म्हणून ओळखले जातात. स्थूलतेवरील आपल्या मराठी व्याख्यानांत ते असे प्रतिपादन करीत की प्रत्येक वेळच्या खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन हे संप्रेरक पाझरते आणि ते चरबी साठवण्यास मदत करते, म्हणून खाण्याच्या वेळांची संख्या कमी करून दिवसातून दोनदाच जेवावे. 2 जून 2004 रोजी त्यांचे अपघाती निधन झाले, पण त्यांच्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण हातोहात फिरत राहिले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्या विचाराचे ऋण जाहीरपणे मान्य करून, कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोन वेळीच जेवावे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवावे आणि दररोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे सोपे सूत्र केले आणि महाराष्ट्रभर त्याची मोहीम उभारली. त्याच सुमारास दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला देणारा आहारतज्ज्ञांचा पक्षही लोकप्रिय असल्याने, मराठी वृत्तपत्रांतून आणि घरांतून हा वाद काही वर्षे रंगला. परंपरेच्या भाषेत पाहिले तर दोन जेवणांचा हा नियम एकभुक्त आणि नक्त यांच्या कुळातला आहे, आणि त्याने भात, वरण, पोळी यांपैकी कशाचीही एकमेकांपासून फारकत केली नाही, ही त्याची विशेष बाजू होय.

धरमपेठेसारख्या वस्तीत या सर्व नियमांची गरज का भासू लागली, याचे कारण त्या वस्तीच्या जीवनक्रमातच आहे. ज्वारीची भाकरी, झुणका आणि कच्चा कांदा हे ताट शेतात दिवसभर राबणाऱ्या देहासाठी घडले होते; त्या ताटाचे वारसदार कार्यालयातील खुर्चीवर बसू लागले, ज्वारीची जागा पॉलिश केलेल्या तांदळाने आणि बारीक दळलेल्या गव्हाने घेतली, सणासुदीचे गोडधोड मिठाईच्या दुकानांतून रोज मिळू लागले, आणि तळलेल्या नाश्त्याचे पदार्थ कोपऱ्याकोपऱ्यावर आले. श्रम घटले पण सर्वग्रह, म्हणजे जेवणाची एकूण राशी, घटली नाही. अशा वेळी कोणताही निर्बंध, मग तो भात आणि पोळी वेगळी करण्याचा असो, रात्री पिष्ट टाळण्याचा असो की दोनच वेळा जेवण्याचा, थोडाफार परिणाम दाखवतो, कारण निर्बंधामुळे निवड आकुंचित होते, एका वेळच्या ताटातील विविधता कमी होते आणि माणूस नकळत कमी खातो. यश नियमाचे दिसते, पण काम राशी करते.

हा भेद समजून घेणे केवळ विद्वत्तेचा विषय नाही, कारण चुकीच्या नियमाची किंमत शरीराला मोजावी लागते. विदर्भातील असंख्य शाकाहारी घरांत प्रथिनांचा मुख्य आधार धान्य आणि कडधान्य यांची जोडी हाच आहे, आणि परकीय सिद्धांताच्या प्रभावाने वरणापासून भात तोडला, भाकरीपासून झुणका तोडला, तर वजन उतरवण्याच्या नावाखाली त्या घरातील वाढत्या मुलांचे, गरोदर स्त्रियांचे आणि वृद्धांचे पोषण दुबळे होते. व्रतांनी अन्नगट बाजूला काढले ते ठरावीक दिवसांपुरते आणि परत आणण्याच्या बोलीने. वैद्यांनी पथ्य सांगितले ते विशिष्ट रुग्णाला, विशिष्ट अग्नीला आणि विशिष्ट ऋतूला पाहून. दोन्ही परंपरांना सर्वांसाठी, सर्वकाळ एकच नियम मान्य नव्हता, आणि गांधींच्या वर्ध्याच्या प्रयोगांतही पदार्थाच्या नावाइतकेच त्याचे औंसातले माप महत्त्वाचे होते. चरकाने संयोग आणि राशी यांना आहारविचाराच्या दोन स्वतंत्र बाजू म्हणून नोंदवले तेव्हा स्थूलतेवरील उपाय त्याने अन्नाचे स्वरूप, प्रमाण आणि व्यायाम यांतच शोधला होता. धरमपेठेतील ताटाला आज त्याच विवेकाची गरज आहे : वरण आणि भात, भाकरी आणि झुणका यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संयोग तसाच राहू द्यावा, आणि परिग्रह व सर्वग्रह, म्हणजे एकेका वाढीचे माप आणि सगळ्या ताटाचे माप, मात्र बसून काम करणाऱ्या देहाला साजेल इतके आवरावे.